यंत्राशेजारचा माणूस

कोल्हारच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर एक फोटो होता. घर पाडून नवं बांधलं तेव्हा तो पत्र्याच्या ट्रंकेत गेला आणि अजून तिथेच आहे. विहिरीवर बसवलेल्या नव्या ऑइल इंजिनाचा फोटो. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, तिच्यावर झेंडूची माळ, पुढ्यात फोडलेला नारळ. मधोमध लाकडी खुर्चीवर आजोबा, फेटा बांधून, दोन्ही हात काठीवर. त्यांच्या अंगाला अंग लावून चुलत आजोबा. पुढे सतरंजीवर सहा-सात पोरं, त्यातलं एक हललं म्हणून त्याला दोन तोंडं आलेली. आणि अगदी डाव्या कडेला एक माणूस उभा आहे. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्याला पटका, उजवा हात इंजिनाच्या चाकावर. फोटोच्या पाठीमागे जांभळ्या शाईत लिहिलंय: ‘नवे इंजिन, ८ हॉर्सपॉवर, दसरा.’

कडेचा माणूस कोण, हे मी घरात बऱ्याच जणांना विचारलं. एक काका म्हणाले, सालगडी असणार. आत्या म्हणाली, छे, तो इंजिनवरचा डायव्हर, त्याच्याशिवाय कुणाला हँडल मारता येत नसे. नाव दोघांनाही आठवलं नाही. इंजिन मात्र आठ हॉर्सपॉवरचं होतं याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

फोटो आमच्या घरचा असला तरी त्याची मांडणी आमच्या घरची नाही. यंत्र मध्यभागी, मालक त्याच्यापुढे, आणि यंत्राला हात लावून कडेला उभा असलेला माणूस. ही बैठक कोल्हारात पोचली तोवर चांगली पन्नास वर्षांची जुनी झाली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-तीस वर्षांत अमेरिकेत कारखाने, खाणी, आगगाड्या, गगनचुंबी इमारतींचे सांगाडे यांचे जे हजारो फोटो निघाले, त्यात तिचा साचा घट्ट बसला. त्यातले पुष्कळसे आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेले आहेत आणि कोणालाही घरबसल्या पाहता येतात. पाहायला बसलं की रात्र कधी सरते कळत नाही, हे अनुभवाने सांगतो.

त्या फोटोंची पहिली जादू म्हणजे त्यांचा बारकावा. तेव्हाचा छायाचित्रकार फिल्म नाही, काच वापरत असे. डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीसारख्या धंदेवाईक मंडळींच्या काचा तर आठ बाय दहा इंचांच्या असायच्या, म्हणजे वहीच्या पानाएवढ्या. एवढ्या मोठ्या काचेवर उतरलेलं चित्र मोठं करत गेलं तरी फाटत नाही. दूरवर दिसणाऱ्या कारखान्याच्या भिंतीवरची पाटी वाचता येते, बॉयलरचे रिव्हेट मोजता येतात, माणसाच्या कोटाचं तुटलेलं बटण दिसतं.

दुसरी गोष्ट रंगांची. त्या काळच्या काचांना निळा रंग फार लवकर लागे आणि तांबडा जवळजवळ लागतच नसे. म्हणून त्या फोटोंत निळं आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं दिसतं आणि तांबडा रंग दिलेलं यंत्र काळंकुट्ट. जुनी यंत्रं सगळी काळीच असत अशी आपली जी समजूत झाली आहे, तिच्यात या काचांचा वाटा मोठा आहे. रेल्वे इंजिनं बनवणारे कारखाने त्यावर एक गमतीदार उपाय करत. नवं इंजिन तयार झालं की फोटोपुरता त्याला मळकट करडा, बिनचकाकीचा रंग फासायचे, म्हणजे प्रत्येक दांडा, प्रत्येक नट उठून दिसे. फोटो झाला की इंजिन पुन्हा रंगवून गिऱ्हाइकाकडे रवाना. नवरीला मेकअप करतात ते आपण ऐकलंय, इथे लोखंडाला होत असे.

तिसरी गोष्ट वेळेची. कारखान्याच्या अंधारात काचेवर चित्र उमटायला कधीकधी काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात जे हललं ते पुसट झालं. म्हणून जुना फोटो पाहताना आधी चाकाचे आरे पाहावेत. आरे दिसत नसतील, नुसतं धुकं असेल, तर यंत्र चालू होतं. आरे स्वच्छ मोजता येत असतील तर फोटोसाठी काम थांबवलं होतं, आणि शेजारच्या माणसाच्या अंगावरचं सगळं कामसूपण उभं केलेलं आहे. आमच्या इंजिनाचे आरे स्वच्छ मोजता येतात. चालू चाकावर हात ठेवला असता तर त्या गृहस्थाला पुढच्या फोटोसाठी हातच उरला नसता.

मग माणूस तिथे उभा का केला? माझ्या मते मुख्य कारण अगदी साधं आहे. मापासाठी. नुसत्या यंत्राच्या फोटोवरून ते टेबलावर मावेल की त्याला इमारत बांधावी लागेल हे कळत नाही. शेजारी माणूस उभा राहिला की क्षणात कळतं. खोदकामाचे फोटो काढणारे पुरातत्त्ववाले जमिनीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची काठी ठेवतात, तसा हा कामगार. फोटोखाली यंत्राचं नाव, अश्वशक्ती, वजन, बनवणाऱ्या कंपनीचं नाव. काठीला कोणी नाव देतं का?

हा साचा ज्याने उलटा केला तो माणूस म्हणजे लुईस हाइन. न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिकवणारा मास्तर. १९०८ साली तो बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी फोटो काढायला लागला आणि पुढची काही वर्षं कापूस गिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेच्या भट्ट्या, मासळीचे कारखाने पालथे घालत हिंडला. फाटकातून आत घ्यायला कोणी तयार नसे, कारण त्याला काय पाहिजे हे मालकांना ठाऊक होतं. मग तो सोंगं घ्यायचा. कधी बायबल विकणारा, कधी विम्याचा एजंट, कधी पोस्टकार्डवाला. त्यातलं सगळ्यांत नामी सोंग होतं यंत्रांचे फोटो काढणाऱ्या माणसाचं. मालकाला आपल्या नव्या यंत्राचं कौतुक असायचंच. हाइन यंत्रासमोर तिकाटणं रोवायचा आणि एखाद्या पोराला म्हणायचा, तू जरा इथे शेजारी उभा राहा. मालकाला वाटे, मापासाठी. हाइन पोराचा फोटो काढून निघून जायचा.

इतकंच नाही. त्याने स्वतःच्या कोटाची बटणं जमिनीपासून किती इंचांवर येतात ते आधीच मोजून ठेवलं होतं. मूल समोर उभं राहिलं की डोकं कितव्या बटणाशी येतं ते पाहायचं, आणि हात खिशात ठेवूनच आतल्या कागदावर उंची, वय, किती दिवस काम करतोय हे खरडायचं. ३० नोव्हेंबर १९०८ ला दक्षिण कॅरोलिनातल्या लँकेस्टर गिरणीत त्याने सेडी नावाच्या मुलीचा फोटो घेतला. उजवीकडे चात्यांची रांग खोलीच्या टोकापर्यंत गेलेली, शेवटी ती डोळ्यांना दिसेनाशी होते. त्या रांगेपुढे ही एवढीशी. हाइनने नोंद केली: उंची ४८ इंच, अर्ध्या वर्षापासून कामावर. चार फूट. यंत्राचं नाव, बनावट, किंमत, यातलं काही नाही. दोन महिन्यांनी जॉर्जियातल्या मेकन गावच्या गिरणीत त्याने दोन पोरं टिपली. तुटलेला धागा जोडायला हात पुरत नाही म्हणून ती चालत्या यंत्रावर चढून उभी आहेत, आणि एकाचे पाय अनवाणी आहेत.

त्या फोटोंनी लगेच कायदा झाला असं समजू नये. अमेरिकी संसदेने १९१६ साली केलेला बालमजुरीचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. सेडी तोवर बालपणातून कधीच बाहेर पडली होती.

मुंबईच्या गिरण्यांत त्याच वेळी काय होतं? आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा, आणि त्याने कामावर घ्यायचं किमान वय ठरवलं होतं सात वर्षं. १८९१ साली ते नऊ झालं आणि १९२२ साली बारा. आपल्याला हाइन मिळाला नाही, पण त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे मिळाले. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई अशा मागण्या मांडल्या आणि त्या अर्जावर साडेपाच हजारांवर कामगारांनी सह्या केल्या. फोटोतल्या मापाच्या काठ्यांनी आपापली नावं द्यावीत, असं काहीसं ते मला वाटतं. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. अनेक कामगारांचे चेहरे कुठल्याच काचेवर उतरले नाहीत, ते मात्र राहून गेलं.

आता अमेरिका सोडून घराकडे येऊ. कोल्हारपासून नगर पन्नास-साठ किलोमीटर. या नगरात अमेरिकन माणसं १८३१ पासून आहेत. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं तेव्हा तिथे पडलं आणि पुढे राहुरी, वडाळा अशा गावांत पसरलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे नगर-राहुरीचं हे जग मराठी वाचकाला शेजारच्या आळीइतकं ओळखीचं आहे. छप्पनच्या दुष्काळानंतर, म्हणजे १८९९-१९०० नंतर, मिशनकडे पोरक्या मुलांची रीघ लागली. त्यांना अन्न देऊन भागणार नव्हतं, हाताला धंदा द्यायला हवा होता. १९०१ च्या सुमारास मिशनच्या कामावर डेव्हिड कॅरल चर्चिल नावाचा तरुण इकडे आला. हा पाद्री कमी आणि इंजिनियर जास्त. बोस्टनच्या एमआयटीतून यंत्रशास्त्र शिकलेला.

नगरात त्याच्या डोळ्यांसमोर माग होते. साळी आणि पद्मशाली वस्त्यांत लुगडी विणली जात आणि त्यांचा बाजार मोठा होता. खड्डामागावर विणकर जमिनीत पाय सोडून बसतो, पायाने पावड्या दाबतो, ताण्याचे धागे वरखाली होतात, त्या फटीतून एका हाताने धोटा फेकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा, मग फणीने ठोका. हात जितके पसरतील तितकाच पन्हा. धोटा दोरीने उडवायची युक्ती इंग्लंडात जॉन के याने १७३३ साली काढली होती. एका हाताने दोरीला हिसका द्यायचा, धोटा आपोआप पलीकडच्या पेटीत जाऊन बसतो आणि दुसरा हात फणीसाठी मोकळा राहतो. चर्चिलने ही युक्ती धरली आणि पुढे नेली. हातमाग हातमागच राहिला पाहिजे, गिरणीचं इंजिन त्याला लावायचं नाही, पण विणकराचा वेग वाढला पाहिजे, हा त्याचा पण. चर्चिलचा माग म्हणून तो ओळखला जाऊ लागला.

पुढचा भाग मला सगळ्यांत आवडतो. यंत्रं अमेरिकेतून आपल्याकडे येतात हे आपल्या अंगवळणी पडलंय. हे एक उलटं गेलं. चर्चिल अमेरिकेत परतल्यावर केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागात, बेरिया गावी, त्याने आणि पत्नी एलिनॉरने १९२२ साली ‘चर्चिल वीव्हर्स’ नावाचा विणकामाचा कारखाना काढला. भारतात असताना ज्या मागावर डोकं चालवलं त्याच विचाराचे उडत्या धोट्याचे माग तिथे बसवले. त्यावर शाली, पांघरुणं, तान्ह्या मुलांच्या गोधड्या विणल्या जाऊ लागल्या. डोंगरातल्या बायाबापड्यांना घराजवळ रोजगार मिळाला. हा कारखाना थोडाथोडका नाही, २००७ पर्यंत, म्हणजे पंच्याऐंशी वर्षं चालला. त्याच्या कापडांचे नमुने आता केंटकीच्या इतिहास संस्थेत जपून ठेवले आहेत.

माग हे यंत्र असं आहे की विणकर बसल्याशिवाय त्याचा अंदाज घेता येत नाही. दोरी कुठे असावी, पावडी किती खोल दाबावी, दिवसभर बसून कंबर कुठे धरते, हे कागदावर काढता येत नाही, कुणीतरी बसून सांगावं लागतं. चर्चिलला ते नगरातल्या हातांनी सांगितलं असणार, यात मला शंका वाटत नाही. मागाला नाव मिळालं ते मात्र एकाच माणसाचं.

तसंच धरणाचं. कोल्हारच्या शेतीचं सगळं रूप प्रवरेच्या पाटाने बदललं आणि पाटात येणारं पाणी भंडारदऱ्याचं. रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावलेल्या प्रवरेला घाटमाथ्यावरच अडवायचं काम १९१० साली सुरू झालं. सोळा वर्षं दगडावर दगड चढत राहिला आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. नदीच्या तळापासून दोनशे सत्तर फूट उंच, चुन्यात बांधलेली दगडी भिंत. भारतातल्या सर्वांत उंच धरणांत तेव्हा तिची गणना होती. धरणाला नाव पडलं विल्सन डॅम आणि जलाशयाला आर्थर लेक. (कोल्हारात ही दोन्ही नावं कोणी घेत नाही. पाणी सुटलं की ‘भंडारदऱ्याचं सुटलं’ म्हणतात आणि मोकळे होतात.) पाणी खाली संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्याशी येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी पसरतं. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला, आधी हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना झाला आणि १९५०-५१ च्या हंगामात आमच्या शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं. उसाचा पैसा हातात आला तेव्हाच आमच्यासारख्यांच्या मोटा सुटल्या आणि विहिरींवर इंजिनं आली. म्हणजे ट्रंकेतल्या त्या फोटोच्या मागे अख्खं धरण उभं आहे.

अशा मोठ्या सरकारी कामांचे टप्प्याटप्प्याने फोटो काढून ठेवायची बांधकाम खात्याची जुनी पद्धत. जगभर हे फोटो एकाच वळणाचे. भिंतीच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसं, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, आणि खाली उंची फुटांत. बाईच्या डोक्यावरच्या पाटीवरून भिंत किती चढली ते कळतं. पाटीचं वजन किती होतं, तिचा रोज किती होता, हे फोटोखाली येत नाही.

न्यूयॉर्कच्या त्या सर्वज्ञात फोटोचीही गत वेगळी नाही. १९३२ साली रॉकफेलर सेंटरच्या अर्धवट सांगाड्यावर, एका लोखंडी तुळईवर, अकरा कामगार पाय हवेत सोडून डबा खात बसलेत. इमारतीच्या जाहिरातीसाठी मुद्दाम जुळवून आणलेलं दृश्य होतं ते. आज ते जगातल्या भिंतीभिंतीवर आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं खात्रीने सांगता येत नाहीत. तरी त्यांना एक फायदा मिळाला. शेजारी यंत्र नाही, मालक नाही, आणि मापाचं काम खालच्या शहराने केलं.

गेल्या दिवाळीत मी कोल्हारला गेलो तेव्हा फोटो ट्रंकेतून काढला. इंजिन केव्हाच भंगारात गेलंय. वीज आली, मोटार बसली, मग इंजिनाला गिऱ्हाईक उरलं नाही. पण त्याचं एक चाक गोठ्याच्या दाराशी पडलेलं आहे, वासरू बांधायला. टेप आणून मोजलं. आरपार बावीस इंच. मग फोटो खिडकीशी नेला, पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. फोटोत चाक पंधरा मिलिमीटर. कडेचा माणूस, पटका सोडून, टाचेपासून कपाळाच्या वरपर्यंत बेचाळीस. हात चाकावरच आहे, म्हणजे दोघं कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, हिशोबाला अडचण नाही. बेचाळीस भागिले पंधरा, गुणिले बावीस. आत्या चष्मा पुसत शेजारी बसली होती. आकडा सांगितल्यावर म्हणाली, ‘हां, ठेंगणाच होता. हँडल मारताना खाली वीट घ्यायचा.’

फोटो उलटा करून जांभळ्या शाईच्या खाली मी पेन्सिलीने लिहिलं: ‘डावीकडे उभा, उंची ५ फूट दीड इंच. हँडल मारताना वीट घेत असे.’